आजारपणाचा खर्च आणि समाजाची जबाबदारी

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याच्या शरीरास पीडा होते, हे सर्वांस दिसते. परंतु त्याच वेळी त्याच्या घराच्या जमाखर्चासही एक दुखणे जडते आणि ते पुष्कळदा शरीराच्या दुखण्यापेक्षा अधिक काळ टिकते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शाळेच्या वार्षिकांकात इतिहास, विज्ञान, वाङ्मय यांवर लेख यावयाचे. औषधोपचाराच्या खर्चासारखा रूक्ष विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हा विषय आमच्या हजेरीपटात दरवर्षी येतच असतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नियमित येणारा एखादा विद्यार्थी सुट्टीनंतर येईनासा होतो. चौकशी करावी तो कळते की, वडिलांचे ऑपरेशन झाले, कर्ज झाले, आणि मुलगा लूमच्या खात्यात अगर रिंगरोडच्या कापड बाजारात कामास लागला. अभ्यासात तो कच्चा होता असे नव्हे. त्याच्या शिक्षणाचा शेवट एका बिलाने केलेला असतो. तेव्हा ज्या विषयामुळे शाळा सुटते, तो विषय शाळेतच शिकावा हे योग्य, असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब मांडू, कारण हिशेबावाचून ही गोष्ट नीट उमगत नाही. खालील आकडे कोणा एका घराचे नव्हेत. केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. समजा, एका पावरलूम कामगाराची रोजची मजुरी ६०० रुपये आहे आणि महिन्यातून २६ दिवस काम मिळते. म्हणजे मासिक प्राप्ती १५,६०० रुपये झाली. पावसाळ्यात त्यास डेंग्यू होऊन खाजगी रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णालयाचे बिल २८,००० रुपये, बाहेरून आणलेली औषधे व तपासण्या ७,००० रुपये, जाण्यायेण्याचा व खाण्याचा खर्च १,५०० रुपये. पुष्कळ लोक येथेच बेरीज करून थांबतात. परंतु हा मनुष्य पंधरा दिवस कामावर जाऊ शकला नाही, ती मजुरी ९,००० रुपये बुडाली. पत्नी घरी साड्यांस टिकल्या लावण्याचे काम करते. ती सात दिवस रुग्णापाशी बसली, तिचे दिवसाला २५० प्रमाणे १,७५० रुपये गेले. एकूण ४७,२५० रुपये. घरात शिल्लक नव्हती, म्हणून ४०,००० रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतले. वर्षभर मुद्दल फिटले नाही, तर केवळ व्याजाचेच १४,४०० रुपये होतात. म्हणजे बिल होते २८,००० रुपयांचे, आणि घरावर भार पडला ६१,६५० रुपयांचा. शिवाय मुद्दल तसेच उभे. सव्वादोन पटींच्या जवळपास गेलेला हा आकडा कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. सरकारी योजनांचे गुणदोष पाहताना ही बेरीज आपण पुढे वारंवार समोर ठेवू.

आता कोणी म्हणेल, महाग वाटते तर स्वस्त ठिकाणी जावे. भाजी घेताना आपण चार ठेल्यांवर भाव विचारतोच की! परंतु औषधोपचार ही भाजी नव्हे. वांगे किडके आहे की चांगले हे गिऱ्हाइकास कळते; आपणांस कोणती तपासणी हवी व कोणती नको हे रुग्णास कळत नाही. ते ठरविणारा आणि त्याचे पैसे घेणारा एकच असतो. शिवाय आजार दिवस ठरवून येत नाही आणि छातीत कळ आलेल्या माणसास घेऊन भाव करीत फिरता येत नाही. केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. अनिश्चितता आणि ज्ञानाची विषमता या दोन कारणांमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९७२ मध्ये अर्थशास्त्रातील कार्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टर वाईट असतात असा याचा अर्थ मुळीच नव्हे. चांगल्या डॉक्टरासही या बाजारात एकट्याने न्याय राखणे कठीण जाते, आणि म्हणून समाजाने मध्ये काही व्यवस्था उभी करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

अशी व्यवस्था उभी करण्याचा विचार तसा जुना आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला. त्यात वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगाराने व एक तृतीयांश मालकाने द्यावयाचा होता. इंग्लंडने निराळा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः करांतून भागवावयाचा आणि रुग्णाकडून उपचाराच्या वेळी पैसे घ्यावयाचे नाहीत, हे तिचे तत्त्व. या सेवेचे जनक अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी १९५१ साली, दातांच्या कवळीवर आणि चष्म्यावर आकार बसविण्यास विरोध म्हणून, मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणारा मनुष्य आज पाहावयास मिळणे कठीण!

आपल्या देशात या विचाराचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष नाशिकला जन्मलेले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. सर जोसेफ भोर हे ते गृहस्थ. १९४३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व १९४६ साली तिने अहवाल सादर केला. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान अवघे सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्यासाठी कोणीही योग्य उपचारापासून वंचित राहू नये, हे भोर समितीने आपल्या योजनेचे मूलतत्त्व म्हणून मांडले. प्रारंभी ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, रोग बरा करणे आणि रोग होऊ न देणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली व्हावीत, आणि डॉक्टरच्या शिक्षणात समाजाच्या आरोग्याचा अभ्यास अंतर्भूत असावा, अशा तिच्या सूचना होत्या. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, ती या अहवालाचीच फळे होत. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नमूद झाले.

तत्त्व मान्य झाले, पण थैलीचे तोंड मात्र पुरेसे उघडले नाही. २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी शेकडा ६४.२ इतका भाग लोक उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत हे प्रमाण ३९.४ वर आले, ही निश्चितच समाधानाची गोष्ट. तथापि त्या वर्षीही सर्व सरकारांचा मिळून आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा १.८४ एवढाच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो शेकडा २.५ वर नेण्याचे ठरविले होते.

आता आपल्या सुरतेकडे वळू. या शहरास सार्वजनिक आरोग्याचा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाल्याची वार्ता पसरली आणि पाहता पाहता लाखो लोकांनी शहर सोडले. आमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी त्या दिवसांत मुलाबाळांसह खानदेशची गाडी गाठली होती. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारा, ती गर्दी त्यांस आजही आठवत असेल. अनेक खाजगी दवाखाने बंद झाले आणि ऐन गरजेच्या वेळी भार पडला तो सरकारी रुग्णालयावर, तेथे पाय रोवून राहिलेल्या डॉक्टरांवर व परिचारिकांवर. टेट्रासायक्लिनच्या साध्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. गिरण्या, लूम, हिऱ्यांची कामे थंडावली, व्यापार थांबला, आणि सुरतेच्या नावाची धास्ती परदेशांतही बसली.

या संकटाचे मूळ कोठे होते? पुरानंतर साचलेला गाळ, न उचललेला कचरा, तुंबलेली गटारे आणि दाट वस्ती. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास निर्णयाचे अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कचेरीत न बसता रस्त्यावर हिंडून पाहणी करावी, असा दंडक घातला. रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. गरीब वस्त्यांतून पाणी, गटारे व शौचालये यांची सोय करण्यात आली. अवघ्या दीड-दोन वर्षांत स्वच्छतेच्या बाबतीत हे शहर देशात दुसऱ्या क्रमांकाचे ठरले आणि हिवतापही पुष्कळ ओसरला. आम्ही या गोष्टीकडे खर्चाच्या दृष्टीने पाहू इच्छितो. गटार साफ करणाऱ्या कामगाराचा पगार कोणाही रुग्णाच्या बिलात दिसत नाही. पण त्याने किती बिले होऊच दिली नाहीत, याची मोजदाद केली तर तो शहरातील सर्वांत स्वस्त वैद्य ठरावा. आणि काम एकदा केले म्हणजे संपले असेही नाही. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी लिंबायतच्या गल्ल्यांत शिरते आणि ओसरताना चिखल व डासांची पैदास मागे ठेवून जाते, हे तुम्ही आम्ही पाहतोच.

प्लेगचा विषय निघाला आहे तर एक जुनी हकीकत येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना काढला. रुग्णांची सेवा करताना त्यांसच प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शाळा काढणारी बाई दवाखान्यात कामी आली. शिक्षण आणि आरोग्य ही दोन कामे त्यांस वेगळी वाटत नव्हती.

प्लेगनंतरच्या काळात सुरत महानगरपालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभारले, तेच उमरवाड्याचे स्मीमेर होय. एका नगरसंस्थेने एवढे मोठे रुग्णालय चालविणे ही लहान गोष्ट नव्हे. मजुरा गेटचे नवीन सिव्हिल रुग्णालय हे राज्य सरकारचे. या दोन्ही ठिकाणी लिंबायतचा मनुष्य अल्प खर्चात उपचार घेऊ शकतो. मग तो कर्ज काढून खाजगी रुग्णालयात का जातो, असा प्रश्न उरतोच. त्याकडे आपण शेवटी येऊ.

तत्पूर्वी विम्याचे तत्त्व समजून घेतले पाहिजे, कारण अलीकडच्या बहुतेक सुधारणा त्यावर आधारलेल्या आहेत. समजा, एका वस्तीत १,००० कुटुंबे आहेत आणि दरवर्षी त्यांपैकी २० कुटुंबांवर प्रत्येकी ५०,००० रुपयांचा रुग्णालयाचा खर्च कोसळतो. एकूण खर्च झाला १०,००,००० रुपये. तो सर्वांनी वाटून घेतला तर प्रत्येक कुटुंबाचा वाटा वर्षाला १,००० रुपये येतो. कोणती वीस कुटुंबे आजारी पडतील हे कोणास सांगता येत नाही. म्हणूनच एक हजार देऊन निश्चिंत होणे सर्वांस परवडते. आता यात एक मेख आहे. धडधाकट लोकांनी ‘आम्हांस काय होणार आहे?’ असे म्हणून अंग काढून घेतले आणि केवळ २०० अशक्त कुटुंबेच उरली, तर तोच खर्च त्यांच्यावर विभागला जाऊन वाटा ५,००० रुपये होईल. मग त्यांतीलही काही गळतील आणि सारी योजना कोसळेल. यास्तव आजाराचा विमा एक तर सक्तीचा असावा लागतो, नाहीतर सरकारने करांतून त्याचा हप्ता भरावा लागतो.

गुजरात सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘मुख्यमंत्री अमृतम्’ योजना सुरू केली, तीच लोकांच्या तोंडी ‘मा कार्ड’ म्हणून रुळली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास मोठ्या आजारासाठी प्रारंभी दोन लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. २०१४ मध्ये ‘मा वात्सल्य’ योजनेने ती सोय अल्प उत्पन्नाच्या मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत नेली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची ‘आयुष्मान भारत’ योजना आली. तिच्यात कुटुंबास वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि गुजरातेत ही मर्यादा जुलै २०२३ पासून दहा लाख करण्यात आली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांस, उत्पन्न कितीही असो, या योजनेत घेण्यात आले. आधीपासून असलेला आजारही तिच्यात चालतो व कुटुंबातील माणसांच्या संख्येवर बंधन नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार ज्या घरांस स्वप्नवत होते, त्यांस ते मिळू लागले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

परंतु आमच्या वस्तीतील अनेक कुटुंबांची अडचण कागदाची आहे. एक पाय शहाद्यास, शिरपुरास किंवा अमळनेरास आणि दुसरा लिंबायतला, अशी त्यांची स्थिती असते. रेशनकार्डावर नाव गावी, आधारकार्डावर पत्ता सुरतेचा, मुलांचे दाखले येथले. केंद्राच्या योजनेचा पात्र लाभार्थी दुसऱ्या राज्यातील योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो, हे खरे. पण राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून जी भर घातली आहे, ती त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठीच असते. महाराष्ट्राने २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ काढली. पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे जिल्हाही होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. तिचा लाभ घ्यावयाचा तर तिकडची कागदपत्रे हवीत, आणि इकडचा लाभ घ्यावयाचा तर मामलतदार कचेरीतील उत्पन्नाचा दाखला व येथील रहिवासाचा पुरावा हवा. जो मनुष्य दोन्ही राज्यांच्या अर्थव्यवस्थेस घाम गाळून हातभार लावतो, तो दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत पडतो. हे कागद आजार येण्यापूर्वी सरळ करून ठेवणे शक्य असते; रुग्णालयाच्या दारात उभे राहून ते होत नाही. आठवी-नववीतील मुलामुलींनी आपल्या घरची कार्डे एका रविवारी काढून नावांचे शुद्धलेखन, जन्मतारखा व पत्ते ताडून पाहावेत. आमच्या अनुभवाने ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यांतील एका वेलांटीनेही काम अडते.

कार्डाच्या आणखी दोन मर्यादा आहेत. पहिली ही की, ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा औषधखर्च त्यात धरला आहे. पण मधुमेह, रक्तदाब, दमा यांची वर्षानुवर्षे चालणारी औषधे आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील रोजची फी त्यात येत नाही. गरिबाचा खिसा बहुधा याच बारीक छिद्रांतून रिकामा होतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पैसे सरकार देणार म्हटल्यावर नको असलेले उपचार करण्याचा मोह काहींस होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील एका गावी तपासणी शिबिर भरवून तेथील काही लोकांस अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयात नेऊन अँजिओप्लास्टी करण्यात आली व त्यांतील दोघांचा मृत्यू झाला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि राज्य सरकारला हृदयोपचारांचे नियम अधिक कडक करावे लागले. केवळ पैसा पुरविला की सेवा आपोआप चांगली होते, हा समज किती धोक्याचा आहे ते यावरून दिसून येते.

औषधांच्या किमतींविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे तर केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर हक्क ठेवला. त्यामुळे भारतीय कारखान्यांनी निराळ्या पद्धतीने तीच औषधे स्वस्तात बनविली आणि या उद्योगात गुजरात व महाराष्ट्र अग्रेसर ठरले. २००५ पासून जागतिक व्यापाराच्या करारानुसार पदार्थावरचे पेटंट पुन्हा आले. अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरविण्याचा आदेश २०१३ चा आहे. त्याच अधिकारात फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटची किंमत बांधून देण्यात आली; औषधी लेपाचा जो स्टेंट लाखाच्या घरात विकला जात होता, त्याची मर्यादा २९,६०० रुपये ठरली. एका सरकारी आदेशाने काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे. २००८ पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांतून कंपनीच्या छापाच्या नावावाचून, मूळ द्रव्याच्या नावाने, तीच औषधे पुष्कळ कमी दरात मिळतात. मात्र डॉक्टरने चिठ्ठीवर मूळ द्रव्याचे नाव लिहावयास हवे, आणि तसे लिहून मागण्याचे धैर्य आपणांतही हवे.

हक्काच्या काही गोष्टी लोकांस माहीत नसतात. अपघात किंवा प्राणसंकट असता कोणत्याही डॉक्टरने, खाजगी असो वा सरकारी, प्रथम उपचार केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. आणि १९९६ साली, जागा नाही म्हणून अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविलेल्या बंगालमधील एका मजुराच्या प्रकरणात, तातडीचे उपचार न देणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांस शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी मोफत व आणखी दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात. गावाकडील आजोबांस पुण्यामुंबईस न्यावयाची वेळ आली तर ही माहिती उपयोगी पडेल.

आता प्रारंभीच्या हिशेबाकडे परत येऊ. त्या कामगाराकडे आयुष्मान कार्ड असते आणि तो योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात गेला असता, तर बिलाचे व औषधांचे मिळून ३५,००० रुपये बहुतांशी वाचले असते. पण बुडालेली मजुरी? ती देणारी एकच व्यवस्था आपल्याकडे आहे, ती म्हणजे कामगार राज्य विमा. प्रा. बी. पी. आदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून ती जन्मास आली, १९४८ साली तिचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे पंडित नेहरूंच्या काळात ती प्रत्यक्षात आली. कामगाराच्या पगारातून शेकडा ०.७५ आणि मालकाकडून शेकडा ३.२५ अशी वर्गणी जुलै २०१९ पासून आहे. आमच्या उदाहरणातील कामगारास दरमहा ११७ रुपये भरावे लागले असते व मालकास ५०७ रुपये. त्याच्या मोबदल्यात कुटुंबासह उपचार आणि आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा ७० भत्ता. असे असता लिंबायत-उधन्याच्या खात्यांतून किती कामगारांचे नाव तेथे नोंदलेले असते? अनेक ठिकाणी मजुरी ताक्यावर अगर मीटरवर ठरते, तिची चिठ्ठी मिळत नाही, एकाच छपराखालचे लूम वेगवेगळ्या नावांवर दाखविलेले असतात. मग कायद्याच्या दृष्टीने कामगारच नसतो; असतो तो केवळ आजारी मनुष्य. आमच्या मते नव्या कार्डांपेक्षाही या जुन्या योजनेत नावे घालणे ही अधिक मोठी सुधारणा ठरेल, कारण कर्जाचे मूळ बुडालेल्या मजुरीतही असते.

आणि तो उरलेला प्रश्न: स्मीमेर जवळ असता माणूस खाजगी दवाखान्याची पायरी का चढतो? आळस किंवा अडाणीपणा हे त्याचे कारण आम्हांस पटत नाही. सरकारी बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची. केस काढण्याची एक रांग, तपासणीची दुसरी, औषधाची तिसरी. बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या माणसाची तेवढ्यात एक पाळी बुडते. ६०० रुपयांची पाळी बुडवून मोफत गोळी घेण्यापेक्षा रात्री नऊ वाजता कोपऱ्यावर शंभर-दीडशे देऊन सुई टोचून घेणे त्यास स्वस्त पडते, आणि हिशेबाने ते खरेही आहे. मात्र त्या सुईने ताप दबतो, निदान लांबते आणि आठ दिवसांनी दाखल व्हावे लागते. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हेच दाखवून दिले की, लोक जेथे व ज्या वेळी असतात तेथे साधी सेवा नेली तर मोठा खर्च टळतो; गडचिरोलीत गावातील शिकविलेल्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन केलेल्या देखभालीने नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शहरी आरोग्य मोहिमेनुसार ५०,००० वस्तीस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचे आहे. लिंबायतसारख्या लूमच्या वस्तीत अशा प्रत्येक केंद्राचा दरवाजा, पाळी सुटल्यानंतर, सायंकाळी सात ते दहा डॉक्टर व औषधांसह नियमाने उघडा राहील, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधवाटप करणारा आणि विजेचे वाढीव बिल एवढाच खर्च येईल.